ॲम्प्लिफायरची गुणगुण : कारणे, ओळख आणि उपाय

पुण्यातल्या दिवाणखान्यात वर्षानुवर्षे निमूटपणे वाजणारा ॲम्प्लिफायर जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यातल्या घरी नेऊन ठेवावा आणि पहिल्याच रात्री त्याच्या पोटातून 'हूंऽऽ' असा अखंड स्वर ऐकू यावा, ही तक्रार नवी नाही. निवृत्तीनंतर गावच्या वाड्यात राहायला गेलेली मंडळी, डिंभे वा माणिकडोहच्या परिसरात शेतघर बांधणारे पुणेकर-मुंबईकर आणि मुळातलेच संगीतप्रेमी गावकरी, सर्वांना ती कधी ना कधी भेडसावते. उपकरण बिघडले असे समजून ते मोडीत काढले जाते किंवा एखादा 'जाणकार' प्लगची अर्थ पिन काढून टाकण्याचा सल्ला देतो. पहिल्या निर्णयात पैसा वाया जातो आणि दुसऱ्यात जीव जाऊ शकतो. म्हणूनच या गुणगुणीचे शास्त्र समजून घेणे आवश्यक ठरते.

उपकरण तेच असताना जागा बदलल्यावर आवाज वाढण्याची कारणे दोन. एक, शहरातील वाहतुकीचा, पंख्यांचा आणि शेजारपाजारचा आवाज ही गुणगुण झाकून टाकतो. शिवनेरीच्या पायथ्याशी किंवा घोडेगावच्या पलीकडे रात्री दहानंतर ते पांघरूण उरत नाही. दुसरे, ग्रामीण वीजवाहिनीवरचा विद्युतदाब शहरापेक्षा अधिक चढउतारांचा असतो आणि ट्रान्सफॉर्मर या चढउतारांना फार संवेदनशील असतो.

गुणगुण दोन प्रकारची

उपायाकडे वळण्यापूर्वी आवाज नेमका कोठून येतो हे ठरवावे. ॲम्प्लिफायरच्या पेटीतून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या अंगातून येणारा आवाज हा यांत्रिक कंपनाचा असतो. स्पीकर काढून ठेवले तरी तो चालूच राहतो. याउलट स्पीकरमधून येणारी गुणगुण ही विद्युत स्वरूपाची असते. पेटीजवळ कान नेला तर काहीच ऐकू येत नाही, स्पीकरजवळ मात्र स्पष्ट ऐकू येते. दोन्हींची कारणे वेगळी, उपायही वेगळे. एकावरचा उपाय दुसऱ्यावर करत बसल्यामुळेच पुष्कळांचा वेळ आणि पैसा वाया जातो.

शंभर हर्ट्झचे गणित

भारतातील विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ आहे. म्हणजे प्रवाहाची दिशा एका सेकंदात पन्नास पूर्ण आवर्तने घेते. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातील सिलिकॉनयुक्त पोलाद चुंबकित झाले की त्याच्या लांबीत अत्यंत सूक्ष्म फरक पडतो. चुंबकत्वाची दिशा उत्तर-दक्षिण असो वा दक्षिण-उत्तर, परिणाम तोच. त्यामुळे प्रत्येक आवर्तनात हे आकुंचन-प्रसरण दोनदा घडते आणि ऐकू येणारा मूळ स्वर ५० नव्हे, तर १०० हर्ट्झचा असतो. त्यासोबत २००, ३०० हर्ट्झ असे पटीतील स्वरही उमटतात. हे पटीतील स्वर जितके अधिक, तितका आवाज घोगरा आणि झणझणीत.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांना हा स्वर अधिक का खुपतो, याचेही उत्तर याच आकड्यात आहे. 'काळी एक' पट्टीत लावलेल्या तानपुऱ्याची मंद्र पंचमाची तार सुमारे १०४ हर्ट्झची असते. त्याला खेटून १०० हर्ट्झची गुणगुण चालू असेल, तर दोहोंच्या घर्षणातून सेकंदाला सुमारे चार हेलकावे ऐकू येतात. तानपुरा नीट लागलेलाच नाही असा भास होतो. दोष कलाकाराचा नसतो, ध्वनिमुद्रणाचाही नसतो; तो कपाटात ठेवलेल्या लोखंडाचा असतो.

गाभ्याचे दोन घाट

घरगुती ॲम्प्लिफायरमध्ये ट्रान्सफॉर्मर प्रामुख्याने दोन प्रकारचे आढळतात. पहिला 'ई' आणि 'आय' या अक्षरांच्या आकाराच्या पातळ पत्र्यांची चळत रचून केलेला चौकोनी ट्रान्सफॉर्मर. जुन्या भारतीय बनावटीच्या संचांत आणि हौशी मंडळींनी पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये हाच बहुधा असतो. पत्र्यांच्या सांध्यांत राहणाऱ्या सूक्ष्म फटींमुळे तो विजेतील थोडीफार विकृती सहन करतो. मात्र पत्रे सैल झाले की ते एकमेकांवर आपटून घरघरतात, शिवाय त्याचे चुंबकीय क्षेत्रही बाहेर अधिक सांडते.

दुसरा टोरॉइडल, म्हणजे कड्याच्या आकाराचा. पोलादाची सलग पट्टी घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळून त्याचा गाभा तयार करतात. फटी नसल्याने तो आटोपशीर, कार्यक्षम आणि सर्वसाधारणपणे शांत असतो. त्याचे बाहेर सांडणारे क्षेत्रही कमी असते. परंतु फट नसणे हीच त्याची दुबळी बाजू. विजेत थोडा जरी असमतोल आला तरी त्याचा गाभा चुंबकीयदृष्ट्या भरून जातो, म्हणजेच संपृक्त होतो आणि मग महागडा ॲम्प्लिफायरही गुरगुरू लागतो.

दाब वाढला की आवाज वाढतो

गाभ्यातील चुंबकीय प्रवाह विद्युतदाबाच्या सम प्रमाणात आणि वारंवारितेच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. दाब वाढला की गाभा संपृक्ततेच्या जवळ जातो आणि गुणगुण वाढते. आपल्याकडील घरगुती पुरवठ्याचा प्रमाणित दाब २३० व्होल्ट असून त्यात सहा टक्के कमी-अधिक चालते. म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट.

जुन्नर आणि आंबेगाव हे कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर फुललेले तालुके. येडगाव, वडज, माणिकडोह, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांच्या लाभक्षेत्रात ऊस, कांदा, टोमॅटो, द्राक्षे यांची शेती मोठी आहे आणि नदी-कालव्यांवर तसेच विहिरींवर वीजपंपांची दाटी आहे. पंप चालू असताना वाहिनीच्या टोकाकडील दाब खाली येतो आणि पंप एकदम बंद झाले की तो उसळतो. पंपांचा त्रिफेज पुरवठा आलटून-पालटून दिवसा व रात्री देण्याच्या पद्धतीमुळे ही वेळही बदलत राहते. या भागातील शेतकरी बिबट्याच्या भीतीपोटी दिवसा विजेची मागणी करीत आले आहेत. त्यांच्या दृष्टीने हा जिवाचा प्रश्न आहे. त्यामुळे रात्रीच्या अंधारात पाणी द्यावे लागू नये, हेच योग्य. संगीतप्रेमींनी एवढेच ध्यानात ठेवावे की पंप दिवसा चालले की रात्रीचा दाब चढा राहण्याची शक्यता वाढते आणि ऐकण्याची वेळही नेमकी तीच असते.

अशा ठिकाणी पहिला उपाय म्हणजे मोजणी. साध्या डिजिटल मल्टिमीटरने सकाळी, संध्याकाळी आणि रात्री अकराच्या सुमारास आठवडाभर दाब नोंदवावा. मोजताना मीटर २३० व्होल्टसाठी योग्य आहे आणि त्याच्या तारांचे आवरण शाबूत आहे याची खात्री करावी; सवय नसल्यास वायरमनकडून मोजून घ्यावे. दाब २४४ च्या वर वारंवार जात असेल तर वीज वितरण कंपनीच्या स्थानिक कार्यालयाकडे लेखी तक्रार करावी. गावच्या रोहित्रावरील, म्हणजे नेहमीच्या बोलीतील 'डीपी'वरील टॅप बदलून किंवा सैल न्यूट्रल दुरुस्त करून पुष्कळदा प्रश्न सुटतो. सैल न्यूट्रल हा केवळ गुणगुणीचा विषय नाही. त्यामुळे एका घरातील दाब धोकादायक पातळीपर्यंत चढू शकतो आणि फ्रीज, दूरचित्रवाणी संच जळू शकतात. ॲम्प्लिफायरची गुणगुण ही अशा वेळी मिळालेली पूर्वसूचना समजावी.

परदेशातून आलेली उपकरणे

आखाती देशांतून किंवा युरोपातून आणलेल्या अनेक जुन्या संचांवर '२२० व्होल्ट' असे लिहिलेले असते. वाहिनीवर २४४ व्होल्ट असतील तर अशा संचाला सुमारे अकरा टक्के जादा दाब मिळतो. काही संचांच्या पाठीमागे ११०, १२०, २२०, २४० असे दाब निवडण्याचे बटण असते. प्लग काढून ते २४० वर ठेवल्यास गुणगुण लक्षणीयरीत्या कमी होते आणि ट्रान्सफॉर्मरही थंड राहतो. हा बिनखर्चाचा उपाय असून त्याकडेच बहुधा दुर्लक्ष होते.

अमेरिकेतून मुलांनी पाठवलेल्या संचांची गोष्ट अधिक नाजूक आहे. ते १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी बनवलेले असतात. बाजारातला दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर २३० चे ११० किंवा १२० व्होल्ट करून देतो, पण वारंवारिता ५० हर्ट्झच राहते. त्यामुळे गाभ्यातील चुंबकीय प्रवाह तब्बल वीस टक्क्यांनी वाढतो. संचावर '५०/६० हर्ट्झ' असे लिहिलेले असेल तर निर्माता कंपनीने हे गृहीत धरलेले असते. केवळ '६० हर्ट्झ' लिहिलेले असेल तर संच गुणगुणणार, तापणार आणि कालांतराने निकामी होण्याचा धोका राहणार. दाब १२० ऐवजी १०० व्होल्टच्या आसपास ठेवल्यास चुंबकीय प्रवाह पूर्ववत होतो. मात्र त्या प्रमाणात संचाची कमाल शक्ती घटते.

डीसीचा उपद्रव

दिवसातून काही वेळच गुणगुण येते आणि नंतर आपोआप थांबते, असे असल्यास घरातील किंवा शेजारच्या एखाद्या उपकरणाकडे संशयाने पाहावे. काही हेअर ड्रायर आणि हीट गन यांच्या 'निम्म्या' वेगासाठी एकच डायोड बसवलेला असतो. असे उपकरण आवर्तनाच्या एकाच अर्ध्या भागातून प्रवाह खेचते. वाहिनीतील दाब त्या अर्ध्या भागात किंचित खाली येतो आणि दुसऱ्यात येत नाही. परिणामी एसी पुरवठ्यात थोडासा डीसी मिसळतो. असमतोल चालणारे स्वस्त डिमर आणि पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरही हेच करू शकतात.

'थोडासा' म्हणजे किती? मोठ्या टोरॉइडल ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक वाइंडिंगचा रोध पाच ओहम धरला आणि वाहिनीवर केवळ अर्धा व्होल्ट डीसी असला, तर वाइंडिंगमधून शंभर मिलिअँपिअर डीसी वाहू लागतो. अशा ट्रान्सफॉर्मरचा स्वतःचा विनाभार प्रवाह याहून बराच कमी असतो. तेव्हा गाभा एका बाजूला झुकतो, प्रत्येक आवर्तनात एकदा संपृक्त होतो आणि गुरगुरतो.

यावर 'डीसी ब्लॉकर' नावाची छोटी जोडणी उपयोगी पडते. उलटसुलट जोडलेले दोन मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाहिनीच्या मार्गात बसवतात. ते एसी जाऊ देतात आणि डीसी अडवतात. त्यांना समांतर ठेवलेले डायोड बिघाडाच्या वेळी कपॅसिटरना वाचवतात. ही जोडणी थेट मुख्य पुरवठ्यावर असल्याने ती बंदिस्त पेटीत, योग्य फ्यूजनंतर आणि अर्थची तार अखंड ठेवूनच व्हायला हवी. हा घरी प्रयोग करण्याचा विषय नव्हे. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हाही पर्याय आहे, परंतु तो स्वतःच गुणगुणू शकतो. त्यामुळे त्याची जागा शेजारच्या खोलीत. दाब स्थिर करणारा स्टॅबिलायझर चढ्या दाबावर उपयोगी पडतो, डीसीवर मात्र त्याचा भरवसा धरू नये.

वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर आवाज कर्कश होत असेल तर इन्व्हर्टर चौकोनी तरंगाचा आहे असे समजावे. त्याच्या तरंगात पटीतील स्वर ठासून भरलेले असतात. ध्वनिसंचासाठी शुद्ध साइन तरंगाचा इन्व्हर्टरच घ्यावा.

स्पीकरमधून येणारी गुणगुण

आता दुसरा प्रकार. येथे क्रमाक्रमाने वजाबाकी करीत जाणे हीच खरी तपासणी.

प्रथम आवाजाचे बटण शून्यावर आणावे. गुणगुण तशीच राहिली तर दोष त्या बटणाच्या पुढे, म्हणजे शक्तिपुरवठ्यात किंवा अंतिम टप्प्यात आहे. स्वर १०० हर्ट्झचा असेल तर पुरवठ्यातील मोठे फिल्टर कपॅसिटर वाळले असण्याची शक्यता सर्वाधिक. रेक्टिफायरमधून निघणाऱ्या डीसीवर १०० हर्ट्झच्या लाटा असतात आणि त्या सपाट करण्याचे काम हे कपॅसिटर करतात. उष्णता हा त्यांचा शत्रू; तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. वीस-पंचवीस वर्षांच्या संचात ते जोडीने बदलणे श्रेयस्कर.

बटण फिरवल्याबरोबर गुणगुण कमी-जास्त होत असेल तर दोष बटणाच्या अलीकडे आहे. संच बंद करून मागच्या सर्व तारा काढाव्यात आणि पुन्हा सुरू करावा. आवाज गेला, तर एकेक तार जोडत जावी. जी जोडल्यावर गुणगुण परतते, तीच गुन्हेगार. स्वर मृदू आणि ५० हर्ट्झचा असेल तर तारेचे कवच तुटले आहे, तार ट्रान्सफॉर्मरच्या फार जवळून गेली आहे किंवा अर्थचा फेरा तयार झाला आहे, असे समजावे. भ्रमणध्वनीवरील एखाद्या ध्वनिविश्लेषक ॲपमध्ये ५० की १०० हर्ट्झ हे सहज दिसते. मात्र फोनचा मायक्रोफोन खालच्या स्वरांना मंद असल्याने आकड्यापेक्षा शिखराची जागा पाहावी.

तबकडी वाजवणाऱ्यांना ही अडचण अधिक येते. तबकडीवरील ध्वनिमुद्रणात खालचे स्वर मुद्दाम दबलेले असतात आणि फोनो टप्पा ते पुन्हा वाढवतो. त्याबरोबर ५० हर्ट्झची गुणगुणही वाढते. रेकॉर्ड प्लेअरची वेगळी अर्थ तार ॲम्प्लिफायरच्या स्क्रूला जोडलेली आहे ना, हे आधी पाहावे. प्लेअर ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवू नये. ट्रान्सफॉर्मरचे सांडलेले चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनानुसार घटते. अंतर दुप्पट केले की ते सुमारे एक अष्टमांश उरते. अनेकदा एक वीत जागा बदलल्याने जे साधते ते महागड्या तारेने साधत नाही.

अर्थचा फेरा आणि अर्थ पिन

ॲम्प्लिफायर एका बोर्डावर, संगणक दुसऱ्या बोर्डावर आणि केबलची तार इमारतीबाहेर कोठेतरी तिसऱ्याच ठिकाणी अर्थ झालेली, अशी रचना असली की अर्थचे मार्ग एकाहून अधिक होतात. त्यांच्यात सूक्ष्म दाबफरक असतो. तो ध्वनितारेच्या कवचातून प्रवाह ढकलतो आणि स्पीकर गुणगुणतो. उपाय सोपे आहेत. सर्व उपकरणे एकाच बोर्डावरून चालवावीत. केबलच्या मार्गात अँटेनासाठीचा आयसोलेटर बसवावा. दूरचित्रवाणी संच आणि ॲम्प्लिफायर यांना शक्य तेथे ऑप्टिकल तारेने जोडावे. तिच्यात धातू नसल्याने फेराच पूर्ण होत नाही. जुन्या संचांसाठी ध्वनीचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मिळतो. वीजतारा आणि ध्वनितारा समांतर नेऊ नयेत. छेद द्यावाच लागला तर काटकोनात द्यावा.

परंतु प्लगची अर्थ पिन काढणे हा उपाय नव्हे, तो अपघाताला दिलेला दरवाजा आहे. पिन काढली की फेरा तुटतो आणि गुणगुण थांबते, हे खरे. पण ट्रान्सफॉर्मरचे आवरण पुढे कधी फुटले, तर संचाचा पत्रा थेट २३० व्होल्टवर येतो. एवढेच नव्हे, ध्वनितारांच्या कवचांतून तो दाब रेकॉर्ड प्लेअर, संगणक, मायक्रोफोन अशा प्रत्येक जोडलेल्या उपकरणापर्यंत पोहोचतो. ओल्या हाताने मायक्रोफोन धरणाऱ्याला मग वाचवणारे काहीच उरत नाही.

जुन्नर परिसरातील जमीन बेसाल्टच्या खडकाची. मुरमाड माळावरच्या घरात उन्हाळ्यात माती कोरडी पडली की अर्थिंगचा रोध वाढतो. म्हणून खड्डा पुरेसा खोल असावा, त्यात ओलावा टिकावा आणि वर्षातून एकदा, शक्यतो मे महिन्यात, अर्थिंग तपासून घ्यावे. मुख्य फलकात गळती प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारा आरसीसीबी असावाच.

खोडदचा धडा

विजेच्या या कुरकुरीशी झुंज देणारी जगप्रसिद्ध संस्था याच तालुक्यात आहे, हे गुणगुणीने त्रासलेल्यांना कदाचित दिलासा देईल. नारायणगावच्या पूर्वेला खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी उभी आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने साकारलेल्या या दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲंटेना आहेत. त्यांपैकी १४ मध्यभागी, तर १६ इंग्रजी 'वाय' आकाराच्या तीन भुजांवर सुमारे २५ किलोमीटरच्या विस्तारात पसरलेल्या आहेत. २०२० मध्ये या दुर्बिणीला 'आयईईई माइलस्टोन' हा सन्मान मिळाला. रेडिओ लहरींचा मानवनिर्मित गोंगाट येथे कमी होता, हे ही जागा निवडण्याचे एक प्रमुख कारण होते.

दुर्बीण १०० हर्ट्झ ऐकत नाही. तिचा पल्ला शेकडो मेगाहर्ट्झचा. तरीही तिला सतावणारा एक उपद्रव आपल्या ॲम्प्लिफायरच्या ओळखीचा आहे. वीजवाहिन्यांवरील सैल जोड आणि खराब इन्सुलेटर यांच्याजवळ ठिणग्या पडतात. दाब शिखरावर असताना त्या पडत असल्याने आवर्तनात दोनदा, म्हणजे दर दहा मिलिसेकंदांनी त्यांचा झटका येतो. घरातील गुणगुण आणि खोडदचा गोंगाट यांचा ठेका असा एकच आहे.

तेथील उपाययोजनेतून घरासाठीही शिकण्यासारखे आहे. ठिणगीचा उगम शोधून तो मुळाशी दुरुस्त करणे, ही पहिली पायरी. ॲंटेनांचे संदेश मध्यवर्ती इमारतीपर्यंत ऑप्टिकल तंतूंतून आणले जातात. गोंगाट करणारी उपकरणे धातूच्या कवचात बंदिस्त ठेवली जातात. एवढे करूनही जो गोंगाट उरतो, तो संगणकीय गाळणीने संदेशातून वगळला जातो. उगम, मार्ग, कवच आणि शेवटी गाळणी, असा हा क्रम आहे. आपण घरी बहुधा उलटे करतो. आधी महागडी गाळणी विकत आणतो आणि सैल न्यूट्रल तसाच राहतो.

याला आणखी एक बाजू आहे. अलीकडच्या 'क्लास डी' ॲम्प्लिफायरमध्ये अवजड ट्रान्सफॉर्मरऐवजी बहुधा स्विचिंग पद्धतीचा शक्तिपुरवठा असतो. तो १०० हर्ट्झला गुणगुणत नाही, कारण त्याचे काम कानाला न ऐकू येणाऱ्या उच्च वारंवारितेवर चालते. मात्र त्याची गाळणी निकृष्ट असेल तर तो रेडिओ लहरींचा गोंगाट बाहेर टाकतो. घर शांत होते आणि आसमंत गढूळ होतो. पुणे-नाशिक रेल्वेमार्गाच्या आखणीतही या दुर्बिणीला होणाऱ्या अडथळ्याचा मुद्दा पुढे आला, यावरून तिची संवेदनशीलता ध्यानात यावी. खोडदच्या परिसरात राहणाऱ्यांनी तरी बिननावाचे ॲडॉप्टर आणि स्वस्त एलईडी ड्रायव्हर टाळून प्रमाणित उपकरणेच घ्यावीत.

दुरुस्ती : काय करावे, काय टाळावे

यांत्रिक गुणगुणीत सर्वप्रथम संचाखालचा पृष्ठभाग पाहावा. पोकळ लाकडी शोकेस तबल्याच्या खोडासारखी घुमते. जाड रबर किंवा नमद्याचा तुकडा पायांखाली ठेवताच निम्मी तक्रार मिटू शकते. झाकणाचा स्क्रू सैल असेल तर पत्रा थरथरतो. झाकणावर तळहात दाबून ठेवल्यास हे कळते.

चौकोनी ट्रान्सफॉर्मरचे बोल्ट सैल असल्यास तंत्रज्ञाकडून ते बेताने आवळून घ्यावेत. पत्रे वा वाइंडिंग आतून सुटले असतील तर वार्निशात बुडवून भट्टीत वाळवणे हा जुना आणि खात्रीचा इलाज आहे. शेतीपंपांच्या मोटारी भरून देणाऱ्या दुकानांत वार्निश आणि भट्टीची सोय असते. चांगला कारागीर ट्रान्सफॉर्मरही तितक्याच निगुतीने भरून देतो. त्याला मूळचे दाब, तारेची जाडी आणि वेढ्यांची संख्या जपण्यास सांगावे. चढ्या दाबाच्या गावी प्राथमिक बाजूचे वेढे किंचित वाढवून घेतल्यास गाभा निवांत राहतो.

टोरॉइडल ट्रान्सफॉर्मरच्या मधला बोल्ट वरून झाकणाला किंवा पट्टीला टेकता कामा नये. तसे झाल्यास बोल्ट, पट्टी आणि तळाचा पत्रा मिळून एक बंद वेढा तयार होतो. त्यातून प्रचंड प्रवाह वाहतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. हौशी दुरुस्तीत ही चूक नेहमी घडते.

संच बंद करून प्लग काढला तरी फिल्टर कपॅसिटरमध्ये भार साठलेला असतो. व्हॉल्व्हच्या संचात तर तो काहीशे व्होल्टचा असू शकतो. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडण्याची पद्धत धोक्याची. योग्य रोधकातून तो हळूहळू उतरवावा लागतो. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर स्पीकर काढून कधीही चालवू नये. ज्यांना या गोष्टींचा सराव नाही त्यांनी झाकण उघडू नये, हेच बरे.

केव्हा ताबडतोब बंद करावे

रात्रीच्या शांततेत पेटीपासून हातभर अंतरावरच ऐकू येणारी मंद गुणगुण हा दोष नव्हे. लोखंड आणि तांबे यांचा तो स्वभाव आहे. मात्र पुढील लक्षणे दिसताच संच बंद करून प्लग काढावा : वार्निश जळल्याचा वास, ट्रान्सफॉर्मरवरचे झाकण हात ठेवता येणार नाही इतके तापणे, फ्यूज वारंवार जाणे, पत्र्याला स्पर्श करताच झिणझिण्या येणे, आणि एकाएकी मोठी गुणगुण सुरू होऊन स्पीकरचा पडदा पुढे किंवा मागे ओढला जाणे. शेवटचे लक्षण अंतिम टप्पा निकामी होऊन स्पीकरमध्ये डीसी गेल्याचे आहे. त्यात स्पीकर काही क्षणांत जळतो. फ्यूज गेल्यास जास्त क्षमतेचा किंवा तांब्याच्या तारेचा फ्यूज कदापि घालू नये. वळिवाच्या दिवसांत, मेघगर्जना सुरू होण्याआधीच वीज आणि ॲंटेना दोन्हींचे प्लग काढून ठेवावेत.

थोडक्यात

आवाज पेटीतून की स्पीकरमधून, हे प्रथम ठरवावे. पेटीतून असल्यास दाब मोजावा, दाबनिवडीचे बटण पाहावे, रबर व स्क्रू तपासावेत आणि त्यानंतरच डीसी ब्लॉकर किंवा ट्रान्सफॉर्मर भरून घेण्याचा विचार करावा. स्पीकरमधून असल्यास आवाजाचे बटण शून्यावर आणून आणि तारा एकेक काढून दोष हुडकावा. १०० हर्ट्झ म्हणजे बहुधा कपॅसिटर, ५० हर्ट्झ म्हणजे बहुधा तार किंवा अर्थचा फेरा. आणि तीन पिनांचा प्लग तीन पिनांचाच राहू द्यावा.

वडिलांनी हौसेने घेतलेला, तीस-चाळीस वर्षांचा ॲम्प्लिफायर अनेक घरांत अजून आहे. त्याचा ट्रान्सफॉर्मर आजच्या तुलनेत दणकट असतो आणि बहुतेक दोष दोन कपॅसिटर, एखादा सैल बोल्ट किंवा चुकीच्या जागेवरचे बटण एवढ्यावर निभावतात. तो भंगारात देण्यापूर्वी एक रात्र ही तपासणी करून पाहावी. पंप बंद झाल्यानंतरच्या शांततेत तानपुऱ्याचा पंचम स्वच्छ ऐकू आला, की केलेल्या खटाटोपाचे चीज झाले असे समजावे.